डोहाळजेवणाआधीचे ताट

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



मराठी घरात सुनेला सातवा महिना लागला की डोहाळजेवणाची लगबग सुरू होते. हिरवी साडी, फुलांची वाडी, सजवलेला झोपाळा, सुवासिनींनी भरलेली ओटी आणि ताटाभोवती मांडलेली पक्वान्ने. झाकलेल्या दोन वाट्यांपैकी एकीत पेढा आणि दुसरीत बर्फी ठेवून मुलगा की मुलगी, याचे कौतुकही होते. येणाऱ्या जिवाचे स्वागत आईला तृप्त करून करावे, हा या सोहळ्यामागचा भाव मोठा सुंदर आहे. घरातील सर्वांचे लक्ष त्या एका दिवशी गर्भवतीच्या ताटाकडे लागलेले असते.

मात्र शरीरशास्त्राचे वेळापत्रक या सोहळ्याची वाट पाहत नाही. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात ती न्यूरल ट्यूब गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत बंद होते. त्या वेळी अनेक स्त्रियांना आपल्याला दिवस गेले आहेत याची निश्चित कल्पनाही नसते. म्हणजे घरात गोड बातमी कळण्याच्या आधीच बाळाच्या मेंदूचा पाया घातला गेलेला असतो. तो पाया कशाने घातला जातो? त्या दिवशी आईच्या शरीरात जे साठलेले असेल त्याने. आणि ते साठलेले असते तिच्या कुमारवयापासूनच्या ताटातून. डोहाळजेवणाच्या ताटाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, त्याच्या आधीच्या हजारो साध्या ताटांना महत्त्व आहे. आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे.

नोंदवहीतून उलगडलेले सत्य

हृदयविकार, मधुमेह, रक्तदाब हे प्रौढपणीचे आजार. ते प्रौढपणीच्या चुकांमुळे होतात, अशी दीर्घकाळ समजूत होती. या समजुतीला पहिला मोठा धक्का इंग्लंडमधील जुन्या नोंदवह्यांनी दिला. हर्टफर्डशायर परगण्यात १९११ सालापासून एथेल मार्गारेट बर्नसाइड या आरोग्य-अधिकारी बाईंच्या देखरेखीखाली परिचारिका घरोघर जात, नवजात बाळाचे वजन करीत, वर्षाने पुन्हा वजन घेत आणि सर्व काही सुवाच्य अक्षरांत लिहून ठेवीत. पुढे साउदॅम्प्टन येथील डॉ. डेव्हिड बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नोंदवह्या मिळवल्या आणि त्यातील बाळांचे पुढे काय झाले याचा शोध घेतला. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी ५,६५४ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वयाच्या पहिल्या वर्षी ज्यांचे वजन सर्वांत कमी होते, त्यांच्यात हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूचे प्रमाण सर्वांत अधिक आढळले.

दुसरा पुरावा एका दुर्दैवी घटनेतून मिळाला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, नेदरलँड्समध्ये जर्मन वेढ्यामुळे भीषण अन्नटंचाई झाली. त्या महिन्यांत जी बाळे आईच्या उदरात होती, त्यांची पन्नाशीत तपासणी झाली, तेव्हा त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची क्षमता इतरांपेक्षा कमी भरली. काही महिन्यांच्या उपासमारीची खूण अर्धशतक टिकली होती.

यातून जे शास्त्र उभे राहिले त्याचे सार एका वाक्यात सांगता येते. गर्भ हा केवळ आकाराने वाढत नाही. आईकडून मिळणाऱ्या अन्नद्रव्यांवरून तो पुढील आयुष्याची घडी बसवीत असतो. अन्न अपुरे असले तर तो मेंदूला आधी देतो आणि स्नायू, स्वादुपिंड, मूत्रपिंड यांच्या वाट्याला कमी ठेवतो. या काटकसरीची किंमत पुढे, अन्न मुबलक झाल्यावर, मोजावी लागते.

पुण्याजवळची सहा गावे

हे सारे परदेशातील झाले. परंतु या विषयातील जगन्मान्य संशोधनांपैकी एक महाराष्ट्राच्या मातीत झाले आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या मधुमेह विभागातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. विवाहित तरुण स्त्रियांची गर्भधारणेपूर्वीच उंची, वजन अशी मोजमापे घ्यायची, दिवस गेल्यावर त्यांचा आहार, श्रम आणि रक्ततपासणी नोंदवायची आणि जन्मलेल्या मुलांच्या वाढीकडे वर्षानुवर्षे लक्ष ठेवायचे, असे त्याचे स्वरूप होते. मुले मोठी झाली, त्यांचे विवाह झाले, त्यांनाही मुले झाली. तरी संशोधकांनी त्या घरांचा संपर्क सोडला नाही. घरोघर जाणाऱ्या कार्यकर्त्यांची चिकाटी आणि ग्रामस्थांचा विश्वास यांवाचून असे कार्य अशक्य असते.

या अभ्यासाने पहिली आश्चर्यकारक गोष्ट दाखवली ती बाळांच्या शरीराची. या गावांतील बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो होते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. बाळ लहान म्हणजे सर्वच अंगांनी लहान असेल, अशी अपेक्षा होती. पण स्नायू आणि पोटातील अवयव यांत पुष्कळ तूट असली, तरी त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. वजनाने कृश, पण अंगाने चरबीयुक्त असे हे बाळ. २००३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि ‘कृश पण स्थूल भारतीय बाळ’ ही कल्पना जगभर गेली. तत्पूर्वी अभ्यासगटाने आणखी एक गोष्ट नोंदवली होती. गरोदरपणी ज्या मातांच्या आहारात दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे अधिक वेळा होती, त्यांची बाळे आकाराने मोठी होती. उलट शेतात व घरात अतिश्रम करणाऱ्या मातांची बाळे लहान होती.

या मुलांचे पुढे काय झाले? अठराव्या वर्षी ६१९ तरुण-तरुणींची तपासणी झाली. त्यातील जवळजवळ निम्मे वजनाने प्रमाणापेक्षा कमी होते. तरीही ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली यांच्या रक्तातील साखर मर्यादेबाहेर होती. बहुतेकांची अवस्था मधुमेहपूर्व होती. मधुमेह हा खात्यापित्या घरचा, लठ्ठ माणसाचा आजार, ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही.

ब-१२ नावाचा सूक्ष्म घटक

या अभ्यासातील सर्वांत विचारप्रवर्तक निष्कर्ष २००८ मध्ये पुढे आला आणि तो शाकाहारी समाजाने विशेष लक्षपूर्वक ऐकावा असा आहे. गरोदर मातांच्या रक्ताची तपासणी केली असता दोन-तृतीयांश मातांमध्ये जीवनसत्त्व ब-१२ कमी आढळले. याउलट फॉलिक ॲसिड, म्हणजे फोलेट, जवळजवळ सर्वांमध्ये पुरेसे होते. केवळ एका मातेत ते कमी होते. मुले सहा वर्षांची झाल्यावर असे दिसले की, ज्यांच्या मातांमध्ये फोलेट भरपूर आणि ब-१२ कमी होते, त्या मुलांच्या शरीरात इन्शुलिनला होणारा विरोध सर्वाधिक होता. हा विरोध ही मधुमेहाकडे नेणारी पहिली पायरी समजली जाते.

पाठोपाठ बुद्धीविषयीही एक धागा सापडला. नऊ वर्षांच्या मुलांच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा गरोदरपणी ब-१२ फार कमी असलेल्या मातांची मुले लक्ष टिकवण्याच्या आणि अल्पकालीन स्मृतीच्या चाचण्यांत काहीशी मागे होती. सांगितलेले आकडे उलट क्रमाने म्हणून दाखवणे, रंग व अंक यांची साखळी न चुकता जोडणे, अशा त्या चाचण्या होत्या.

ही गावे केवळ शाकाहारी नव्हती. पण तेथे मांसाहार कधीतरी आणि दूध बेताचे, अशी परिस्थिती होती. शहरांत चित्र अधिक चांगले असेल, असे वाटणे साहजिक आहे. परंतु पुण्यातच ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ६७ टक्के पुरुषांमध्ये ब-१२ कमी आढळले. शहरी मध्यमवर्गात तर हे प्रमाण ८१ टक्के होते. सुशिक्षित, सुस्थित आणि बहुतांशी शाकाहारी असलेला वर्ग या उणिवेत पुढे होता.

ब-१२ चा इतिहासही उद्बोधक आहे. १९२० च्या दशकात प्राणघातक अशा एका पंडुरोगावर यकृत खाऊ घालण्याचा उपचार सापडला. यकृतातील तो गुणकारी घटक १९४८ मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळा करण्यात आला. त्याची अत्यंत गुंतागुंतीची रचना डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने १९५६ मध्ये उलगडली आणि १९६४ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे जीवनसत्त्व शरीरात दोन मोठी कामे करते. पेशींचे विभाजन होताना नवा डीएनए घडवण्यास ते मदत करते; त्यामुळे रक्तपेशी आणि गर्भाच्या झपाट्याने वाढणाऱ्या पेशी यांना ते अनिवार्य असते. दुसरे म्हणजे, मज्जातंतूंवर विजेच्या तारेवरील वेष्टणासारखे जे मायलिनचे आवरण असते, ते घडवण्यास व टिकवण्यास ते लागते. फोलेट आणि ब-१२ ही जोडीने काम करतात. ब-१२ नसेल तर शरीरातील फोलेट एका अवस्थेत अडकून पडते आणि असूनही उपयोगी येत नाही. शिवाय होमोसिस्टीन नावाचे द्रव्य रक्तात साचू लागते. बैलगाडीला एकच बैल जुंपावा, तसा हा प्रकार होतो.

शाकाहार आणि ब-१२: गैरसमज कोणते?

येथे एक प्रश्न उभा राहतो. शाकाहारात ब-१२ का नाही? उत्तर असे की, हे जीवनसत्त्व कोणतीही वनस्पती तयार करीत नाही आणि कोणताही प्राणीही तयार करीत नाही. ते केवळ सूक्ष्म जीवाणू तयार करतात. गायी-म्हशींच्या पोटातील पहिल्या मोठ्या कप्प्यात असे जीवाणू असतात. ते ब-१२ बनवतात आणि तेथून ते दुधात उतरते. माणसाच्या मोठ्या आतड्यातही असे जीवाणू असतात, परंतु ब-१२ शोषले जाते ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, म्हणजे त्याच्या आधी. त्यामुळे आपल्याच देहात तयार झालेले ते माणसाच्या उपयोगी पडत नाही.

याविषयी अनेक गैरसमज आढळतात. मोड आलेली कडधान्ये, पालेभाज्या, सुकामेवा, आंबवलेले पीठ यांतून ब-१२ मिळते, असे सांगितले जाते. या पदार्थांचे इतर गुण मोठे आहेत, पण ब-१२ साठी त्यांच्यावर विसंबता येत नाही. स्पिरुलिनासारख्या शेवाळात जे आढळते ते बहुतांशी ब-१२ सारखे दिसणारे, पण मानवी शरीराला निरुपयोगी असे द्रव्य असते. तुपाविषयीही हेच. बाळंतिणीला आणि गर्भवतीला घरोघरी आग्रहाने साजूक तूप दिले जाते; परंतु ब-१२ पाण्यात विरघळणारे आहे आणि तूप म्हणजे निव्वळ स्निग्धांश, त्यामुळे दुधातील ब-१२ तुपात येत नाही. चहात घातलेले दोन चमचे दूध किंवा पाण्यासारखे पातळ ताक यांचाही फारसा आधार नाही.

आधार आहे तो दुधाचा आणि दह्याचा. प्रौढ व्यक्तीला दिवसाला सुमारे २.४ मायक्रोग्रॅम ब-१२ लागते, गर्भवतीला २.६ आणि स्तनदा मातेला २.८, असे अमेरिकेतील प्रमाणित कोष्टक सांगते. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. एक पेलाभर दुधात सुमारे एक मायक्रोग्रॅम ब-१२ असते. फार वेळ उकळल्यास त्यातील काही भाग नष्ट होतो. पुण्यातच शाकाहारी तरुणांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रोज नियमित दूध दिल्यावर त्यांच्या रक्तातील ब-१२ वाढल्याचे दिसून आले. शरीर एका वेळी थोडेच ब-१२ शोषू शकते, म्हणून दिवसातून दोन-तीनदा विभागून घेतलेले दूध-दही अधिक हितकर ठरते.

पुरावा किती, निष्कर्ष किती

शास्त्राचा आदर करणे म्हणजे त्याने जेवढे सिद्ध केले तेवढेच सांगणे. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एकीमुळेच दुसरी झाली, असे म्हणता येत नाही. ज्या घरात दूध कमी त्या घरात इतरही गोष्टी कमी असू शकतात. म्हणून खरी कसोटी लागते ती प्रयोगाची: काहींना ब-१२ द्यायचे, काहींना द्यायचे नाही आणि फरक पाहायचा.

अशी कसोटी पुण्याच्या गटाने लावली. १९९३ च्या अभ्यासात जन्मलेली मुले कुमारवयात आल्यावर, २०१२ पासून, त्यांच्यापैकी ५५७ जणांवर एक प्रयोग सुरू झाला. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गट केले. एका गटाला रोज केवळ २ मायक्रोग्रॅम ब-१२, दुसऱ्या गटाला ब-१२ सह इतर सूक्ष्म पोषकद्रव्ये आणि तिसऱ्या गटाला यांपैकी काहीच नसलेली गोळी. पहिले अपत्य होईपर्यंत हे चालू राहिले. म्हणजे आहाराची काळजी गर्भधारणेच्या कितीतरी आधी सुरू झाली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार केवळ ब-१२ घेतलेल्या मातांची मुले दोन वर्षांच्या सुमारास आकलन आणि भाषा यांच्या चाचण्यांत सरस ठरली. इतर पोषकद्रव्ये जोडलेल्या गटात मात्र असा स्पष्ट फरक दिसला नाही. तपासलेल्या मुलांची संख्याही मोठी नव्हती.

बंगळूर येथे गर्भवतींना रोज ५० मायक्रोग्रॅम ब-१२ देण्याचा प्रयोग झाला. माता, मातेचे दूध आणि बाळ या तिन्हींमधील ब-१२ सुधारले. नऊ महिन्यांच्या वयात बाळांच्या विकासात फरक आढळला नाही. अडीच वर्षांच्या सुमारास बोलण्याच्या क्षमतेत काही लाभ दिसला. नेपाळमधील भक्तपूर येथे ६०० तान्ह्या बाळांना थेट वर्षभर ब-१२ दिले, त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. वाढीत किंवा विकासात लाभ आढळला नाही. हे सारे एकत्र पाहिले असता एवढे म्हणता येते की, जन्मानंतर बाळाला देण्यापेक्षा गर्भधारणेपूर्वी आईची उणीव भरून काढणे अधिक फलदायी असावे. मात्र हा प्रश्न अद्याप पूर्णपणे सुटलेला नाही.

एका बाबतीत मात्र संशय उरत नाही. उणीव तीव्र असेल तर बाळाची हानी निश्चित होते. १९६२ मध्ये वेल्लोर येथील डॉक्टरांनी अशा सहा तान्ह्या बाळांची हकिगत ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. माता ब-१२ ने अत्यंत रित्या होत्या आणि बाळे केवळ अंगावर पीत होती. बाळांच्या त्वचेवर काळसर डाग, निरुत्साह, हातापायांच्या विचित्र हालचाली आणि शिकलेल्या गोष्टी विसरणे, अशी लक्षणे होती. आईचे दूध हे बाळाला अमृत आहे, यात शंका नाही; पण आईच्याच शरीरात जे नाही ते तिच्या दुधात कोठून येणार?

आणखी एक सावधगिरी. वर सांगितलेल्या निष्कर्षांवरून कोणी फॉलिक ॲसिडच्या गोळ्या बंद करू नयेत. गर्भधारणेच्या सुमारास फॉलिक ॲसिड घेतल्याने न्यूरल ट्यूबचे दोष मोठ्या प्रमाणात टळतात, हे १९९१ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रयोगाने निर्विवाद सिद्ध केले आहे. धडा एवढाच की एकाबरोबर दुसऱ्याचीही काळजी घ्यावी. केवळ फॉलिक ॲसिड घेत राहिल्यास रक्ताचा पंडुरोग झाकला जातो, पण ब-१२ अभावी मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहते, हेही वैद्यकशास्त्राला पूर्वीपासून माहीत आहे.

अहिंसा आणि आहार

हे सारे ऐकून शाकाहारावर शंका घेण्याचे कारण आहे का? मुळीच नाही. ज्या आहाराने हृदय, आतडी आणि वजन यांचे रक्षण होते, ज्याच्या मुळाशी जीवदयेचे तत्त्व आहे, तो आहार एका सूक्ष्म घटकाच्या उणिवेमुळे टाकून द्यावा, असे कोणतेही शास्त्र सांगत नाही. शास्त्र एवढेच सांगते की उणीव ओळखा आणि भरून काढा. आणि हे करण्यासाठी कोणत्याही जिवाचे मांस लागत नाही. बाजारात मिळणारे ब-१२ हे जीवाणूंच्या साहाय्याने आंबवण क्रियेने तयार केले जाते. प्रश्न उरतो तो वेष्टणाचा. अनेक औषधांची मऊ वा कडक कॅप्सूल जिलेटिनची असते आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडांपासून व कातड्यापासून बनते. म्हणून औषध-विक्रेत्याकडे गोळीच्या स्वरूपातील अथवा वनस्पतिजन्य वेष्टणातील ब-१२ मागावे. डॉक्टरांनाही आपले व्रत मोकळेपणाने सांगावे. काही तरुण, विशेषतः परदेशी राहणारे, जीवदयेच्या विचाराने दूधही सोडतात. त्यांच्यासाठी तर ब-१२ ची गोळी अथवा ब-१२ मिसळलेले खाद्यपदार्थ हा पर्याय नसून आवश्यकता आहे.

तपाविषयीही दोन शब्द. उपवास, एकासन, आयंबिल यांची परंपरा घरोघरी श्रद्धेने जपली जाते. पण तप हे शक्तीनुसार करावे, अशीच जैन परंपरेची शिकवण आहे. आयंबिलात दूध-दही वर्ज्य असते. म्हणून गर्भवती, स्तनदा माता आणि वाढत्या वयाच्या मुली यांनी दीर्घ तपश्चर्येचा संकल्प करण्यापूर्वी गुरुजनांचा आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पोटातील जिवाच्या वाट्याचे अन्न त्याला देणे हीसुद्धा जीवदयाच होय.

वडीलधाऱ्यांनीही स्वतःकडे दुर्लक्ष करू नये. वयोमानाने पोटातील आम्ल कमी झाल्यावर ब-१२ चे शोषण मंदावते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन आणि आम्लपित्तावरील काही औषधे दीर्घकाळ घेतल्यानेही ते कमी होते. तळपायांना मुंग्या येणे, तोल जाणे, विस्मरण, सततचा थकवा यांना ‘वय झाले’ म्हणून सोडून देण्यापूर्वी एक साधी रक्ततपासणी करून घ्यावी.

घरातील दुधाची वाटणी

शेवटी हा प्रश्न प्रयोगशाळेचा नसून स्वयंपाकघराचा आहे. घरात दूध येते, पण ते कोणाच्या पेल्यात जाते? सकाळी सासऱ्यांना, मग कामावर जाणाऱ्या पुरुषांना, मग शाळेत जाणाऱ्या मुलाला आणि उरलेले विरजणाला. सून सर्वांचे झाल्यावर जेवते. तिच्या वाट्याला चहा. मुलगी ‘वजन वाढेल’ म्हणून दूध नाकारते आणि आई ते मान्य करते. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. ही केवळ सवय असते. पण याच सवयीतून पुढल्या पिढीची घडी बसते. घरातील मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की तिच्यासाठी सकाळ-संध्याकाळ एकेक पेला दूध आणि जेवणात वाटीभर दही निश्चित असावे. विवाह ठरलेल्या आणि बाळाचा विचार करणाऱ्या दांपत्याने हिमोग्लोबिनबरोबर ब-१२ चीही तपासणी करावी आणि उणीव आढळल्यास वेळीच डॉक्टरांच्या सल्ल्याने ती भरून काढावी. गर्भवतीला पोटभर आहाराबरोबर पालेभाजी, फळ आणि दुपारची विश्रांती मिळावी. पाण्याच्या कळशा व जड कामे दुसऱ्या कोणी उचलावीत.

धार्मिक व सामाजिक संस्थांना यात मोठे कार्य करता येण्यासारखे आहे. आरोग्य शिबिरात रक्तदाब व साखर यांबरोबर तरुण मुलींची ब-१२ व हिमोग्लोबिन तपासणी ठेवता येईल. पाठशाळेत धर्मशिक्षणाबरोबर आहाराचा एक तास घेता येईल. वधू-वर मेळाव्यात पत्रिकेबरोबर आरोग्यपत्रिकेचीही चर्चा होऊ शकेल. यासाठी फार मोठा निधी लागत नाही. जाणीव मात्र लागते.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने एक शेवटची गोष्ट लक्षात घ्यावी. मुलगी आईच्या उदरात पाच महिन्यांची असते, तेव्हाच तिच्या देहात तिची सर्व स्त्रीबीजे तयार झालेली असतात. म्हणजे एक गर्भवती स्त्री ताटावर बसते तेव्हा तिच्यासह तिची मुलगी आणि त्या मुलीच्या पोटी येणाऱ्या नातवंडाचे बीज, अशा तीन पिढ्या एका ताटावर जेवत असतात. आज ज्या बालिका पाठशाळेच्या पुढच्या रांगेत बसल्या आहेत, त्यांच्या ताटात आज जे वाढले जाईल, त्यावर संस्थेच्या शतकमहोत्सवाला व्यासपीठावर बसणाऱ्या पिढीचे आरोग्य अवलंबून आहे. म्हणून डोहाळजेवण अवश्य व्हावे, थाटात व्हावे. परंतु त्याआधीच्या प्रत्येक साध्या ताटात वाटीभर दही आणि पेलाभर दूध मुलीच्या व सुनेच्या वाट्याला आले की नाही, हे घरातील थोरांनी रोज डोळ्यांनी पाहावे.

जय जिनेंद्र.